चुकलंमाकलं

आमचं गाव देवरुखच्या पुढे, एसटीने पाऊण तास आणि मग चढणीचा रस्ता. गावात देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याकडे आहे. देवापुढे नारळ ठेवायचा, सगळा गाव मागे हात जोडून उभा राहतो, आणि मानकऱ्याने सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचं. कुणाचा मुलगा मुंबईला आहे त्याला सुखी ठेव, कुणाच्या गुरांवर रोग आलाय तो घालव. प्रत्येक वाक्याला मागून एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ येतं. ज्याचं दुखणं असतं तो स्वतः काही बोलत नाही. त्याने मागे उभं राहून ‘व्हय’ म्हणायचं. आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं: ‘लेकरांच्या हातून काय चुकला माकला आसंल ता पदरात घे.’ हे वाक्य माझे आजोबा म्हणत, वडील म्हणत, आणि गेली तीस वर्षं मी म्हणतोय.

पोटासाठी मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात हेडक्लार्क आहे. म्हणजे तिथेही गाऱ्हाणीच घालतो, फक्त देवाच्या जागी माननीय संचालक असतात आणि नारळाच्या जागी सहपत्रं. माझ्या अर्जांची गावभर ख्याती आहे. ही ख्याती मुख्यतः मीच पसरवली, हे कबूल केलं पाहिजे. कुणाच्या सातबाऱ्यावर नाव चुकलं, कुणाच्या गल्लीत नळाला पाणी येईना, की माणसं माझ्याकडे येतात. ‘वरील विषयास अनुसरून’पासून ‘आपला नम्र’पर्यंत माझा हात कुठे अडत नाही. बायको म्हणते, तुम्ही दूधवाल्याला चिठ्ठी लिहिलीत तरी त्यात ‘सविनय’ असेल. एकदा खरंच होतं.

कॉलेजात महिलांच्या तक्रारींसाठी समिती आहे. तिचा बोर्ड मीच करवून घेतला होता. मजकूर माझा, अक्षर पेंटरचं. ‘निर्भयपणे पुढे या’ असं त्यावर निळ्या अक्षरात लिहिलं होतं. बोर्ड इतका सुबक झाला की पावसाच्या झडीने खराब व्हायला नको म्हणून मी तो आत, रेकॉर्ड रूमच्या दारामागच्या भिंतीवर लावला. दार उघडं असलं की बोर्ड दिसत नसे, आणि दार दिवसभर उघडंच असायचं. चार वर्षांत एकही तक्रार आली नाही, हे मी तपासणीला येणाऱ्या पाहुण्यांना छाती काढून सांगत असे.

माझ्या बहिणीची मुलगी आमच्याकडे राहायची, अजूनही राहते. तिचे वडील मुंबईला कामाला, आई लांज्याजवळच्या गावात शेती आणि सासूसासरे सांभाळते. पोरगी बी.एस्सी. झाली आणि तिला इथे एका कारखान्यात नोकरी लागली. आंब्याचा रस डब्यात भरतात तिथे, प्रयोगशाळेत. हंगामात ती घरी आली की तिच्या ओढणीला हापूसचा वास यायचा. बोलकी पोर. जेवताना मामीला कारखान्यातल्या गमती सांगायची, आणि माझ्या अर्जांच्या नकला तर इतक्या बेमालूम करायची की मलाच वाटे, हे वाक्य आपण कधी लिहिलं होतं बरं?

मे महिन्यात एकदा ती दुपारीच घरी आली. हातपाय धुतले. थोड्या वेळाने पुन्हा धुतले. बायको मला म्हणाली, “हिचं काहीतरी बिनसलंय.” मी म्हटलं, उन्हाने झालं असेल, कोकम सरबत दे. दोन दिवस पोरगी कामाला गेली नाही, नकला केल्या नाहीत, आणि मी दोन्ही दिवस सरबतावरच ठाम होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीवर पेपर वाचत बसलो होतो. ती समोर येऊन पायरीवर बसली आणि खाली बघत सांगू लागली. ती कोल्ड स्टोरेजमधून नमुने आणायला गेली होती. तिचा वरिष्ठ मागून आत आला. त्याने दार लावून घेतलं, तिला भिंतीशी दाबून धरलं आणि अंगभर हात घातले. बाहेर कुणीतरी क्रेट ओढत आणल्याचा आवाज झाला तेव्हा सोडलं. जाताना म्हणाला, हंगाम संपल्यावर कुणाला ठेवायचं ते मीच ठरवतो.

आता मी काय केलं ते सांगतो. सांगायला लाज वाटते, पण ज्याने केलं त्यानेच सांगितलेलं बरं. मी पेपरची घडी घातली, चष्मा नीट केला आणि विचारलं, “तू एकटी कशाला गेलीस आत?” मग विचारलं, दाराची कडी आतून आहे की बाहेरून. मग विचारलं, “ओरडली का नाहीस?” प्रत्येक प्रश्नाला तिचा चेहरा थोडा थोडा मिटत गेला, आणि मला वाटत होतं की मी व्यवस्थित माहिती गोळा करतोय. मग मला राग आला. मी ताडकन उठलो आणि म्हणालो, “त्याची तंगडी तोडतो!” तेव्हा माझ्या कमरेला पट्टा होता, कारण त्याच आठवड्यात पाण्याचं पिंप सरकवताना माझी कंबर धरली होती. उठलो तसा ‘आई गं’ करून पुन्हा खाली बसलो. आणि बसल्या बसल्या शेवटचं शहाणपण सांगितलं, “तुझ्या आईला यातलं काही कळवू नको.”

आतून बायको आली. तिने सगळं ऐकलं होतं. मला म्हणाली, “झाली तुमची चौकशी? आता जरा गप बसा.” मग ती पायरीवर भाचीच्या शेजारी बसली, पण अंतर ठेवून. आमची बायको एरवी कुणालाही जवळ ओढून पाठीवर थापट्या मारणारी बाई. त्या दिवशी तिने विचारलं, “हात धरू तुझा?” पोरीने मान डोलावली. मग तिने हात धरला आणि म्हणाली, “सांगितलंस ते बरं केलंस. तो मेला नालायक आहे.” एवढंच. मी मनात म्हटलं, ही काय चौकशीची रीत झाली?

थोड्या वेळाने भाची माझ्याकडे वळली. “मामा, कारखान्यात समिती आहे. मला तक्रार द्यायचीय. तू लिहून देशील?”

मला आनंद झाला. पोरीवर असा प्रसंग आणि मामाला आनंद झाला, कारण आता गोष्ट आपल्या खात्यात आली होती. मी टेबल पुसलं, कोरे कागद काढले, पेनात शाई भरली. तिला म्हटलं, तू आराम कर, मी बघतो सगळं.

दोन पानं झाली. ‘मी एका गरीब परंतु प्रतिष्ठित कुटुंबातील कन्या असून’ अशी सुरुवात होती. त्या माणसाने जे केलं त्याला मी ‘अनुचित वर्तन’ म्हटलं. आत नेमकं काय झालं ते लिहायची वेळ आली तेव्हा माझ्याच्याने ते लिहवेना, म्हणून मी ‘सदर प्रकार शब्दांत मांडणे उचित होणार नाही’ असं लिहून पुढे सरकलो. व्यवस्थापनाच्या कर्तव्यदक्षतेबद्दल मात्र पूर्ण परिच्छेद झाला. आणि शेवटी हात आपोआप चालला: ‘माझ्याकडून काही चूकभूल झाली असल्यास उदार अंतःकरणाने क्षमा असावी, ही नम्र विनंती.’ मी तिला ते मोठ्याने वाचून दाखवलं, मध्ये मध्ये थांबत, देवळात वाचावं तसं. ती म्हणाली, “हं.” मला ते ‘व्हय म्हाराजा’सारखं ऐकू आलं. तिने सही केली.

समितीने तिच्या तक्रारीची प्रत त्या माणसाला दिली. दहा-बारा दिवसांनी त्याचं लेखी उत्तर आलं आणि अध्यक्ष बाईंनी ते तिला वाचून दाखवलं. त्यात म्हटलं होतं की तक्रारदाराने नेमकं काय घडलं ते सांगितलेलंच नाही, आणि चूक तर तिने स्वतःच मान्य करून क्षमा मागितली आहे. हवं तर खालची ओळ पाहावी.

ती घरी आली तेव्हा मी ओटीवर होतो. तिच्या हातात माझ्याच अक्षरातली प्रत होती. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

“मामा, माझी काय चूक होती?”

ती भांडत नव्हती. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती खरंच विचारत होती. इतके दिवस तिला वाटत होतं की आपलं काहीतरी चुकलं असणार, आणि मामाने ते ओळखून अर्जात लिहिलं. मी म्हणालो, “अगं, लिहायची पद्धत असते तशी.” तिने कागद माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली. त्या दिवसापासून पुन्हा कामावर जाणं बंद. मामीला म्हणाली, तक्रार मागे घेते आणि गावाला जाते, आईला मदत करते. तीन वर्षं रात्रंदिवस अभ्यास करून मिळवलेली नोकरी ती माझ्या एका ओळीपायी सोडायला निघाली होती.

मी ओटीवर तो कागद घेऊन बसलो. उगाच मला माझं पहिलं गाऱ्हाणं आठवलं. वडील आजारी पडले म्हणून पंचविसाव्या वर्षी मला नारळ हातात घेऊन उभं केलं. सगळं तोंडपाठ होतं. तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. समोर आमचाच देव, मागे आमचाच गाव, कुणी मला धरलेलं नव्हतं, कुणी दार लावलेलं नव्हतं. तरी माझी वाचा गेली. त्यावर गावाने मला ‘का बोलला नाहीस’ असं विचारलं नाही. म्हाताऱ्या काकाने मागून सांगितलं, “दम खा, मंग बोल.” आणि मी त्या पोरीला विचारलं होतं, ओरडली का नाहीस. मला माझी इतकी चीड आली की मी उठलो, आणि कंबर पुन्हा धरली.

दुसऱ्या दिवशी बायको तिला बायकांसाठी असलेल्या सरकारी मदत केंद्रात घेऊन गेली. मीही गेलो. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळी कागदपत्रं क्रमाने लावून, वर अनुक्रमणिका करून. तिथल्या समुपदेशक बाईंनी माझ्याकडे पाहिलं, फोल्डरकडे पाहिलं आणि मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. फोल्डरही मागितला नाही. तासभर मी बाकावर बसून अनुक्रमणिका वाचत होतो.

रिक्षात मी न राहवून विचारलं, “काय सांगितलं बाईंनी?”

“सांगितलं काही नाही,” भाची म्हणाली. “विचारलं. तुला काय हवंय?”

“मग?”

“मला कामावर जायचंय. तो तिथे असताना नाही.”

ती रिक्षाबाहेर बघत बोलत होती. एवढी साधी गोष्ट. आमच्या घरात इतक्या दिवसांत तिला हे कुणीच विचारलं नव्हतं, बायकोनेसुद्धा नाही, आणि मी तर दोन पानं लिहून मोकळा झालो होतो. बाईंनी हेही सांगितलं होतं की समितीपुढे तिला आपलं म्हणणं पुन्हा, सविस्तर देता येईल. पोलिसांतही जाता येईल, सोबत कुणी हवं असेल तर मिळेल. पण कधी आणि काय, ते तिने ठरवायचं.

तिने जेवणाच्या टेबलावर बसून स्वतः लिहिलं. तीन संध्याकाळी लागल्या. मध्येच उठायची, अंगणात जाऊन अबोलीला पाणी घालायची, परत येऊन बसायची. मी समोर होतो. तिने बस म्हटलं म्हणून बसलो होतो, फक्त एक अट होती, बोलायचं नाही. माझ्यासारख्याला ही शिक्षा काय असते ते घरच्यांनाच विचारा. विषय नव्हता, संदर्भ नव्हता, ‘महोदय’ नव्हतं. ‘मी नमुने आणायला गेले. तो मागून आला. त्याने दार लावलं.’ पुढे त्याने काय केलं ते सगळं लिहिलं होतं, सरळ, ज्या शब्दांना मी घाबरलो होतो त्या शब्दांत. ‘मी ओरडले नाही. माझा आवाज फुटला नाही.’ दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलं होतं. माझा हात खिशातल्या पेनकडे गेला. बायकोने मागून येऊन पेनच काढून घेतलं आणि फ्रिजवर ठेवलं.

शेवटची ओळ होती, ‘यात माझी काही चूक नाही.’ ती लिहायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. लिहून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. मी ‘हो’ म्हणालो. तीन संध्याकाळींत मी बोललेला तो एकच शब्द.

मग मला समितीपुढे जाऊन सांगावं लागलं की ती ओळ तिची नाही, माझी आहे. दुसऱ्यांच्या चुका रंगवून लिहिण्यात माझा हातखंडा, पण आपली चूक लिहायला बसलो तर दोन ओळींसाठी चार कागद फाडले. प्रत्येक वेळी ‘अनवधानाने’ हा शब्द मध्ये येत होता. अध्यक्ष बाईंनी विचारलं, “पण तुम्ही हे लिहिलंतच का?” मी म्हणालो, “सवय.” समितीत बाहेरच्या सदस्य म्हणून एक वयस्क बाई होत्या, त्या आमच्याच देवरुखकडच्या निघाल्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही पोरीचं गाऱ्हाणं घातलंत.” मी मान खाली घातली. मानकऱ्याची मान अशी कधी खाली गेली नव्हती.

समितीने तिचं म्हणणं खरं मानलं. क्रेट ओढत आणणाऱ्या बाईने आपणहून सांगितलं की तिने पोरीला थरथरत बाहेर येताना पाहिलं होतं, आणि त्याच्याविषयी बोलणारी ती एकटीच निघाली नाही. त्याला कामावरून काढलं. म्हणून सगळं एका दिवसात नीट झालं असं नाही. भाची कामावर जाऊ लागली, पण कोल्ड स्टोरेजमध्ये कितीतरी दिवस ती क्रेटवाल्या बाईला सोबत नेत असे. त्या दाराला आता काच बसवली आहे. घरी मी मागून आलो की ती दचकायची, म्हणून मी अंगणापासूनच खाकरत यायला लागलो. शेजाऱ्यांना वाटतं मला दमा झालाय. पोलिसांत जायचं की नाही ते तिचं अजून ठरलेलं नाही. रोज सकाळी तो प्रश्न माझ्या ओठांवर येतो आणि मी तो चहाबरोबर गिळतो. आईला तिने स्वतः सांगितलं, तिला वाटलं तेव्हा. बहीण मला म्हणाली, “दादा, तू माझ्यापासून लपवायला सांगितलंस?”

कॉलेजातला तो बोर्ड मी काढून पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळ लावला, मुली उभ्या असतात तिथे. पावसाने त्याचे रंग उतरायला लागले आहेत. महिन्याभरातच एक तक्रार आली. खरं सांगतो, पहिला विचार असा आला की आपला चार वर्षांचा रेकॉर्ड मोडला. दुसरा विचार आला तेव्हा मी जागेवरून उठून तोंड धुऊन आलो.

गणपतीला आम्ही सगळे गावाला गेलो. बहीणही आली होती. विसर्जनाच्या दिवशी संध्याकाळी गावाचे गणपती पऱ्यावर, म्हणजे आमच्या ओढ्यावर, ओळीने पाटावर ठेवतात आणि पाण्यात सोडण्याआधी गाऱ्हाणं होतं. मी नारळ घेऊन उभा राहणार, एवढ्यात भाची जवळ आली.

“मामा, माझ्यासाठी पण घाल.”

“काय घालू?” मी विचारलं. तीस वर्षांत हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता. मला नेहमी माहीतच असायचं.

तिने जरा विचार केला. “कामात बळ दे म्हण. काय झालं ते काही सांगू नको. आणि ते चुकलामाकला माझ्या नावावर नको. हिचं काही चुकलं नाही, एवढं म्हण.” मग तिचा जुना नकला करणारा चेहरा झाला. “चुकलंमाकलं तुझ्या नावावर घाल हवं तर.”

मी सुरुवात केली. मुंबईकरांचं झालं, गुरांचं झालं, भातावरच्या रोगाचं झालं. मागून ‘व्हय म्हाराजा’ येत होतं. “ही आमची भाची, हिला कामात बळ दे.” “व्हय म्हाराजा.” मग ठरलेली जागा आली. ‘लेकरांच्या हातून’ जिभेवर आलं आणि मी थांबलो. गाव वाट बघत राहिला. कुणीतरी मागून हळूच आठवण केली, “चुकला माकला म्हण रे.”

“माझ्या हातून लय चुकला, म्हाराजा. ता पदरात घे.”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणाला. त्यात सगळ्यात खणखणीत आवाज आमच्या बायकोचा होता.

“आनि ह्या लेकराचा काय चुकला नाय.”

हे वाक्य गावाने कधी ऐकलेलं नव्हतं. त्याला काय म्हणायचं ते कुणाला कळेना. मी मागे वळून पाहिलं नाही. मग बायकांमधून एकच आवाज आला, आधी बारीक आणि मग मोठा. तो माझ्या भाचीचा होता.

“व्हय म्हाराजा.”